पन्नासाव्या सामन्याआधी

"सफरचंद, गालिचा, घोडा, सुई, पूल," ताई इस्त्री फिरवता फिरवता म्हणाली. "आता उलट्या क्रमाने."

"पूल, सुई, घोडा, गालिचा, सफरचंद."

"शाब्बास, छोटी!"

छोटी म्हणजे ब्याण्णव किलोंचा ऐवज. रग्बीत देशाकडून एकोणपन्नास सामने खेळलेली, पुढच्या फळीत मान खाली घालून समोरच्या आठजणींना मागे रेटणारी. मैदानावर तिला रणगाडा म्हणत. घरात मात्र बारा वर्षं खेळूनही 'छोटी'वरून बढती मिळाली नव्हती.

तीन आठवड्यांपूर्वी एकीचा गुडघा तिच्या कानशिलावर बसला होता. याआधी दोनदा डोक्याला मार लागलेला. आता संघाच्या डॉक्टरांच्या तपासणीत पास झाली तर शनिवारी पन्नासावा सामना, नापास झाली तर खेळ कायमचा बंद.

तपासणीत डॉक्टर पाच शब्द वाचायचे आणि पाच मिनिटांनी परत विचारायचे. गंमत अशी, की इतकी वर्षं ते तीच यादी वाचत आले होते आणि संघातल्या पोरी ती एकमेकींना पढवत आल्या होत्या. आजवर कुणी नापास झालीच नव्हती.

"हे काही बरं नाही हं," ताई म्हणाली. "डोकं दुखतं का अजून?"

"छे!"

"माझ्याकडे बघून सांग."

छोटीने बघून सांगितलं. ताईला ते पटलं नाही, पण ती पुन्हा इस्त्री फिरवू लागली. आई गेल्यापासून हॉटेलच्या चादरींना इस्त्री करून तिनेच हिला वाढवलं, पहिले बूटही तिनेच घेऊन दिले. बारा वर्षांत एकही सामना तिने मैदानात बसून पाहिला नव्हता. शनिवारसाठी तिने पहिल्यांदाच रजा टाकली होती. आता कुठल्या तोंडाने ती नको म्हणणार?

दाराशी सामन्याची बॅग भरून ठेवलेली होती.

"एवढी घाई? आधी पास तर हो!"

"मी कुठे भरली? तूच भरली असशील."

"मला मेलीला काल दोन पाळ्यांमध्ये श्वास घ्यायला फुरसत नव्हती. म्हणे बॅग भरली!"

छोटीने खांदे उडवले आणि ती निघाली.

डॉक्टर डबा उघडून बसले होते. तिला बघताच त्यांचा हात थांबला.

"काय गं? आज कशी काय?"

"तपासणीला आले ना."

त्यांनी डब्याचं झाकण लावलं आणि खुर्ची तिच्याजवळ ओढली. नेहमी ते घाईत असत, आज मात्र अजिबात नव्हते. यांना यादीचा वास तर लागला नाही?

पण नाही. त्यांनी तेच पाच शब्द, त्याच क्रमाने, हळू आवाजात वाचले. मग घड्याळाकडे बघत गप्पा सुरू केल्या.

"ताई बरी आहे?"

"मजेत. शनिवारी येणार आहे बघायला."

"वा! आणि काल काय केलंस दिवसभर?"

"काही नाही हो. घरीच लोळत होते."

डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. पाच मिनिटं झाली.

"हं. सांग."

तिने सांगितले. पाचच्या पाच, न अडखळता. वर फुशारकीत उलट्या क्रमानेही म्हणून दाखवले.

"सगळे बरोबर," डॉक्टर म्हणाले. पेन मात्र त्यांनी उचललं नाही.

"मग झाले ना पास?" तिचे डोळे भरून आले होते. "डॉक्टर, तुम्हाला नाही कळायचं. पन्नास होऊ देत, मग मी स्वतःच थांबते. ताईची शपथ. द्या ना तो खेळायच्या परवानगीचा कागद."

डॉक्टरांनी तिचा भलामोठा पंजा आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"पोरी, कागद मी तुला कालच दिलाय. याच खुर्चीत बसून काल तू हे पाचही शब्द सांगून गेलीस."