आंगणेंची सही

सेक्रेटरीपदासाठी हर्षदने हात वर केला तेव्हा अख्खी सभा त्याच्याकडे वळली. चारकोपच्या त्या सोसायटीत नऊ वर्षांत कुणी आपणहून हात वर केला नव्हता. पंखा लावायलासुद्धा नाही. शेजारी बसलेल्या श्वेताने, म्हणजे त्याच्या बायकोने, कपाळावर हात मारला.

सगळं एका कार्डापायी. लहानपणी च्युइंगमच्या पाकिटातून निघालेलं, फिरकी गोलंदाज सहदेव आंगणेंच्या फोटोचं कार्ड. आंगणे कुणालाच सही देत नसत. बोटं गोलंदाजीसाठी राखून ठेवलीयत म्हणायचे. सांताक्रूझ विमानतळावर त्यांची बॅग हरवली, त्या गोंधळात त्यांनी आयुष्यात एकदाच सही केली. ती हर्षदच्या कार्डावर.

तिसऱ्या मजल्यावरचा चंद्रप्रकाश असल्या वस्तू जमवायचा. चार वर्षांपूर्वी त्याने कार्डाच्या बदल्यात आपलं छपराखालचं पार्किंग देऊ केलं. हर्षदची गाडी रस्त्यावर असायची आणि महिन्यातून दोनदा टोइंगवाले उचलून न्यायचे. तरी हर्षद म्हणाला, थांब, भाव वाढू दे.

पुढच्याच वर्षी आंगणे त्याच बिल्डिंगमध्ये राहायला आले. उत्साहाच्या भरात हर्षदनेच त्यांना सेक्रेटरी करायचं सुचवलं. बोटं आता रिकामीच होती. टाकी धुणार, सही. लिफ्ट बंद, सही. प्रत्येक दाराखालून एक प्रत. लोक त्या प्रती रद्दीत घालायचे आणि नाक्यावर भेळ आंगणेंच्या सहीच्या कागदात मिळायची. चंद्रप्रकाश गॅलरीतून कबुतरांना दाणे टाकायचा, म्हणून त्याला दर आठवड्याला वेगळी लेखी ताकीद. तो ती दोन्ही हातांनी घ्यायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा दाणे टाकायचा.

मध्यंतरी हर्षद कार्ड घेऊन पार्किंग मागायला गेला होता. चंद्रप्रकाश म्हणाला, "सही दाराखालून येते रे. त्यासाठी पार्किंग कोण देतं?"

तेव्हा सह्या थांबवायच्या तर सेक्रेटरी बदलायला हवा होता, आणि ते काम अंगावर घेणारा दुसरा कुणी चारकोपात जन्मला नव्हता. हर्षद बिनविरोध निवडून आला. आंगणेंनी शिक्का त्याच्या हातात ठेवला आणि निवांतपणे दहाही बोटं मोडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी हर्षद तिसऱ्या मजल्यावर पोचला. म्हणाला, आंगणेंच्या सह्या कायमच्या बंद. आता कार्ड घे, पार्किंग दे.

चंद्रप्रकाशने त्याला आत बसवलं आणि एक जाड फाइल पुढ्यात ठेवली. कबुतरांच्या एकशे चाळीस ताकिदी. प्रत्येक वेगळ्या प्लास्टिकमध्ये, तारखेप्रमाणे.

गॅलरी स्वच्छ धुतलेली होती. एकही कबूतर नव्हतं. ज्वारीचं अर्धं पोतं त्याने हर्षदकडे सरकवलं.

"घेऊन जा यार. आता दाणे कशाला टाकू? तुझी सही कोण जमवणार?"