पायरीवरचं ऊन

ब्लाउजचं अस्तर जुळवताना हस्तीमलशेठ ट्यूबलाइटवर विश्वास ठेवत नाहीत. कापड घेऊन दुकानाच्या पायरीवर, उन्हात येतात. त्या दिवशी मात्र ते कापड सोडून माझ्या डोळ्यातच बघत राहिले.

“ताई, हे काय?”

“डोळा आलाय. दोन महिने थेंब घालतेय.”

“पापणी ओढा जरा खाली. आलेला डोळा लाल असतो. हा डाग पीच आहे. दुखतो?”

“नाही.”

“मग आजच डॉक्टरला दाखवा.”

आता कापडवाल्यानं डोळे तपासायचे! मी चिडतच गेले. डॉक्टरांनी डागाचा तुकडा तपासायला पाठवला. लिम्फोमा निघाला, म्हणजे कॅन्सरच. पण तेवढ्याच जागी होता. “वेळेत आलात. रेडिएशननं बरा होईल,” डॉक्टर म्हणाल्या.

सहा महिन्यांनी त्याच पायरीवर मी पापणी ओढून उभी राहिले. शेठनी चष्मा कपाळावर सरकवला.

“पांढरा.”

“कुठला? तुमच्याकडं अकरा पांढरे आहेत.”

त्यांनी माझा दुसरा डोळा नीट बघितला, मग पुन्हा हा.

“मॅचिंग झालं, ताई.”