बसल्या जागचा श्वास

स्वेटरचं वरचं बटण लावून झाल्यावर सासूबाईंचा हात तिथेच थांबला. एक श्वास पुरता आत गेला, बाहेर आला, मग बोटं दुसऱ्या बटणाकडे वळली. महिन्यापूर्वी त्या बोलता बोलता, न बघता सगळी बटणं लावून मोकळ्या होत. सून शेजारच्या खुर्चीवरून हे पाहत होती आणि पाहत नसल्यासारखं करत होती.

"एसी किती लावतात मेले," सासूबाई म्हणाल्या. हल्ली त्यांची सगळीच वाक्यं आखूड झाली होती.

दोघी वेळेच्या बऱ्याच आधी येऊन बसल्या होत्या. टॅक्सी हॉस्पिटलच्या मागच्या दाराशी, लिफ्टजवळ थांबवायची, ही युक्ती सुनेचीच. लवकर येऊन शांत बसलं की धाप निवते, आणि सिस्टरने बोटाला चिमटा लावला की ऑक्सिजनचा आकडा चांगला येतो. जन्मभर पोरींना पोहायला शिकवलेल्या बाईला श्वास कसा आवरायचा हे कुणी सांगायला नको होतं.

किडनीतला कॅन्सर लिव्हरपर्यंत पोचला आणि नेहमीची औषधं हरली, तेव्हा त्यांना या नव्या औषधाच्या चाचणीत घेतलं गेलं. "हे औषध गाठीला मारत नाही," डॉक्टरांनी समजावलं होतं. "शरीरातल्या झोपलेल्या पहारेकऱ्यांना उठवतं. मग ते गाठीशी लढतात. पण कधी कधी घरच्याच माणसांवर काठी उगारतात. फुप्फुसांवर, आतड्यांवर. म्हणून जरा काही वाटलं तरी लगेच सांगायचं. वेळेत कळलं तर आवरता येतं."

"म्हणजे सूनच की," सासूबाई म्हणाल्या होत्या, आणि डॉक्टरांसकट सगळे हसले होते. सून सगळ्यांत जास्त.

मागच्या स्कॅनमध्ये लिव्हरमधली गाठ निम्मी झालेली दिसली. त्या दिवशी टॅक्सीत सासूबाईंनी मोठ्याने गाणं म्हटलं, ड्रायव्हरलाही म्हणायला लावलं. त्यानंतर थोड्याच दिवसांनी धाप सुरू झाली. अंघोळ करून आल्या की त्या पलंगाच्या कडेला बसून राहत, टॉवेल मांडीवर, केस तसेच ओले, ओठांवर निळसर झाक.

"माझ्या मुलाला कळता कामा नये," त्यांनी बजावलं. "आणि इथे तर नाहीच नाही. टपालवाल्यांचं काय झालं, बघितलंस ना?"

टपाल खात्यातले ते गृहस्थ याच चाचणीत होते, औषध घेताना समोरच्या खुर्चीत बसत. त्यांनी खोकला येतो म्हणून सांगितलं, औषध बंद झालं, आणि पुढच्या काही आठवड्यांत ते गेले.

"खोकल्याने गेले का? औषध थांबल्याने गेले. खरं बोलून गेले बिचारे."

या हिशेबात चूक कुठे आहे ते सुनेला सापडत नव्हतं. औषध थांबवलं तर गाठ आहे तेवढीच राहील की पुन्हा उसळेल, हे डॉक्टरांनाही ठाऊक नव्हतं. तेच शोधायला तर चाचणी होती. मागच्या डोसाच्या वेळी तिने ठरवलं होतं, आज सांगायचं. मग मनात म्हणाली होती, पुढच्या वेळी.

सिस्टर फाइल घेऊन आली. "काय आजी, कशा आहात?"

"आजी असेल तुझी आई. मॅडम म्हण."

"बरं, मॅडम. खोकला?"

"नाही."

"जुलाब? अंगावर पुरळ?"

"नाही, नाही."

"धाप?"

सासूबाईंनी नाकाने सावकाश श्वास घेतला. "मला? धाप? तुला काठावर बसवून तलाव पार करून येईन."

सिस्टर हसली. चिमट्यावर शहाण्णव आलं. तिने ते लिहून घेतलं आणि सुनेकडे वळली. "तुम्हाला काही वेगळं जाणवलं का घरी?"

"नाही. ठीक आहे सगळं."

औषधाची पिशवी आली. दुसऱ्या सिस्टरने नाव ताडून पाहिलं, पिशवी स्टँडला अडकवली आणि निघून गेली. सासूबाई सुनेच्या कानाशी झुकल्या.

"शहाणी गं माझी बाई ती."

लग्न होऊन इतकी वर्षं झाली, त्यांनी तिला असं कधी म्हटलं नव्हतं. सुनेने त्यांच्याकडे पाहिलं. त्या हसत होत्या, आणि तेवढं कुजबुजण्यानेसुद्धा त्यांच्या गळ्याखालचा खळगा भरभर आत-बाहेर होत होता.

पहिल्या सिस्टरने नळीतली हवा काढून टाकली. हातमोजे नीट केले. सासूबाईंच्या हातावर आधीच बसवलेल्या सुईचं झाकण उघडलं.

सून उठली. काय होणार ते सासूबाईंना तिच्याआधी कळलं. मोकळ्या हाताने त्यांनी तिचं मनगट धरलं. कितीतरी पोरींना पाण्यातून वर ओढणारा हात होता तो, अजून चांगलाच जोर होता त्यात.

"बस खाली," त्या म्हणाल्या. "अगं, बस ना."

सुनेने मनगट सोडवून घेतलं नाही.

"थांबा, सिस्टर," ती म्हणाली. "ते लावू नका. आईंना आधी पॅसेजच्या टोकापर्यंत चालवून आणा. मग आकडा बघा."