जोडीदाराने बांधलेला दोर

चौदा मजली इमारतीच्या गच्चीवर मुक्याने पाद्रीच्या दोराची गाठ आवळली आणि पाद्रीची नजर त्याच्या हातांवरून हलेना. काचा धुणाऱ्यांचा नियमच तसा. आपला दोर आपण बांधायचा नाही, जोडीदाराने बांधायचा. माणूस स्वतःच्या चुकीवर पांघरूण घालतो, दुसऱ्याची मात्र बरोबर हुडकतो, म्हणून. आणि बांधण्याआधी दोर या टोकापासून त्या टोकापर्यंत हातातून फिरवून बघायचा.

पाद्री आणि मुका ही कामावरची टोपणनावं. पाद्रीला बायबलमधली वचनं तोंडपाठ, प्रार्थना अर्ध्या तासाची. मुका त्याच्याच चर्चचा, पण सगळ्यांसमोर विश्वासाची साक्ष द्यायला कधी उभा राहिला नाही. गेल्या रविवारी चर्चच्या पंचांच्या निवडीत मुक्याचं नाव पुढे आलं, तेव्हा पाद्री भर सभेत म्हणाला, "ज्याच्या तोंडून कधी प्रभूचं नाव निघत नाही, त्याचा कसला आलाय विश्वास?" नाव गळलं. मुका खाली मान घालून निघून गेला.

आज त्याच माणसाच्या गाठीवर पाद्रीचा जीव टांगलेला होता. खाई त्याला खवखवे. मुक्याचा दोर बांधताना त्याचं दोराकडे लक्षच नव्हतं. तो मुक्याचा चेहरा वाचत होता.

"आज आपण दोरांची अदलाबदल करू या का?" तो कसंबसं म्हणाला.

"नको." मुक्याने नजर चुकवली.

पाद्रीची पाचावर धारण बसली. मुका सूड उगवणार, यात आता संशय उरलाच नाही. पण मुकादम बघत होता, नाही म्हणायची सोय नव्हती. तो कठडा ओलांडून खाली उतरू लागला. हात काच पुसत होते, कान वरच्या गाठीकडे. दोन्ही मुली डोळ्यांसमोर आल्या. वचन मात्र एकही आठवेना. काचेत स्वतःचं पांढरंफटक तोंड तेवढं दिसत होतं. शेजारी मुका नेहमीपेक्षा हळू, एकही हिसका न देता उतरत होता.

जमिनीला पाय लागले तसा पाद्रीने कमरेचा दोर सोडला. जगलो, असं त्याला वाटलं. मग त्याने वर पाहिलं. मुका अजून पाचव्या मजल्याशी होता आणि त्याच्या डोक्याच्या वर दोन हात अंतरावर दोराचं आवरण फाटून आतले पांढरे धागे लोंबत होते. तो दोर त्यानेच बांधला होता, न बघता.

मुका खाली पोचताच पाद्री त्याच्याकडे धावला.

"तुला माहीत होतं?"

"सकाळीच दिसलं." मुक्याने कपाळावरचा घाम पुसला. "मुकादम म्हणाला, नवा एकच आहे, चालत नसेल तर दोघंही घरी बसा. म्हणून नवा तुला बांधला."