सिसिलचा कौल

सिसिल आडवा गेला तेव्हा पिसावचा एक पाय घळीत होता.

मुठीएवढा तपकिरी पक्षी. कड्यावरून कर्कश ओरडत खाली आला, वाट कापली आणि दरीकडच्या झुडपात शिरला. पिसावने पाय मागे घेतला. त्याच्या मागे हेल्मेट घातलेले तैपेईचे पर्यटक एकमेकांना धडकत थांबले.

"काय झालं हो?" फँग बाईंनी विचारलं. बाई निवृत्त शिक्षिका. सकाळपासून त्यांचे प्रश्न संपत नव्हते.

"पक्षी आडवा गेला."

"तो जाहिरातीतला?"

जाहिरातीतलाच. 'पक्ष्यांची भाषा जाणणाऱ्या त्रुकू आदिवासी वाटाड्याबरोबर डोंगरातला एक दिवस' असं सहल कंपनीच्या मालकाने छापलं होतं. वाटाड्याने भाषा जाणावी, पण ऐकू नये, एवढीच त्याची माफक अपेक्षा. पिसाव मात्र या मोसमात दोनदा इथूनच सगळ्यांना घेऊन माघारी गेला होता. "आता पाखराचं ऐकून परत आलास ना," मालकाने बजावलं होतं, "तर घरीच बस आणि पाखरंच पाळ." डोंगर राष्ट्रीय उद्यान झाल्यापासून शिकार बंद होती. ही नोकरी गेली तर दोन चुली विझणार होत्या, पिसावची आणि त्याच्या वहिनीची. घळीपलीकडच्या मोकळ्या जागेत सहलीचं जेवण लबायवहिनीच करायची.

आणि घळ तर हीच होती.

काही वर्षांपूर्वी पिसाव आणि त्याचा थोरला भाऊ, लबायचा नवरा लोसी, चोरून शिकारीला गेले होते. लोसी कड्यावरून घसरला, मांडीचं हाड मोडलं. त्याला घळीपलीकडच्या झोपडीत निजवून पिसाव औषध आणि घोंगड्या आणायला गावात उतरला. सामान पाठीवर घेऊन परत येताना या घळीच्या तोंडाशी सिसिल असाच ओरडत आडवा गेला. असा कौल मिळाला की पाऊल पुढे टाकायचं नाही, मागे फिरायचं. बापजाद्यांपासूनचा नियम. पिसाव मागे फिरला. सकाळी चांगला कौल घेऊन माणसं वर गेली तेव्हा लोसी थंडीने गारठून मेलेला होता.

पिसावला कुणी बोल लावला नाही. उलट लबायनेच त्याला जवळ घेतलं होतं. "तू गेला असतास तर डोंगर कोसळला असता," ती म्हणाली होती. "पूर्वजांनी तुला तरी ठेवलं माझ्यासाठी." त्या एका वाक्यावर पिसाव आजवर जेवत होता, झोपत होता, तिच्या नजरेला नजर देत होता.

"जायचं की नाही मग?" मागून कुणीतरी कुरकुरलं. "एवढे पैसे भरलेत."

"चला," पिसाव म्हणाला.

तो घळीच्या मधोमध उभा राहिला आणि एकेकाचा हात धरून पलीकडे काढू लागला. वर सैल दगडांची भली मोठी उतरण होती. छातीत धडधडत होतं. शेवटच्या फँग बाई. त्याही पार झाल्या. आता त्याने निघायला हवं होतं, पण पाय उचलेना. वर बघताना त्याच्या लक्षात आलं की आपण घाबरलेलो नाही. आपण वाट बघतोय. लोकांना धक्का लागला नाही, आता एक तरी दगड यावा. आपल्यावरच यावा. त्याने हेल्मेट काढलं.

"अहो, डोक्यात घाला ते," पलीकडून फँग बाई म्हणाल्या. "आम्हाला दटावता आणि स्वतः?"

वरून वाळूचा कणही हलला नाही. ऊन पडलं होतं. पिसाव बऱ्याच वेळाने हलला.

लबाय बांबूच्या नळ्या फोडून भात काढत होती. फँग बाईंनी पाटावर बसता बसताच बातमी दिली. "तुमचा वाटाड्या आज पार घाबरला होता हो. पक्षी आडवा गेला म्हणे. शेवटी आणलं त्याने. काही म्हणजे काही झालं नाही."

लबायचा कोयता थांबला. तिने पिसावकडे पाहिलं आणि पाहुण्यांना कळू नये म्हणून आपल्या बोलीत विचारलं.

"गात गेला असेल. गात गेला तर चालतं."

पिसावला कळलं, ती त्याला दार उघडून देते आहे. त्याने फक्त मान हलवायची होती. दोघांचंही निभावलं असतं.

"नाही वहिनी. ओरडत गेला," तो म्हणाला. "त्या दिवशीसारखाच."

"आणि तू आलास."

"आलो."

लबायने पाहुण्यांना भात वाढला, डुकराचं मटण वाढलं, सूप हवं का म्हणून एकेकाला विचारलं. फँग बाईंनी फोटोसाठी हसायला सांगितलं, तेव्हा हसलीही. मग पिसावचं पान घेऊन त्याच्यापाशी आली, ते त्याच्या पुढ्यात नीट ठेवलं आणि तिथेच बसली.

"म्हणजे लोसी रात्रभर तुझी वाट बघत होता रे," ती म्हणाली.