भरती लागेपर्यंत

समुद्रातल्या मचाणावरच्या खोलीत मोठे साहेब दहा वाजता पोहोचले. वीज मोजणाऱ्या मीटरचा काटा शून्यावर होता. “पाण्याखालचं टर्बाइन बंदच आहे,” म्हणत त्यांनी ते भंगारात काढायचा कागद सहीसाठी पुढे सरकवला. नऊ वर्षं त्याची निगा राखणाऱ्या मेकॅनिकबाईंनी कागदाला हातही लावला नाही. “ओहोटी संपलीय, भरती लागायचीय. मधे पाणी थांबतं, तसं तेही थांबतं. अर्धा तास बसा.” “मला वेळ नाही.” “बोटीची किल्ली माझ्या खिशात आहे. पोहत जाणार?” साहेब धुसफुसत बसले.  टर्बाइनची पाती बाईंनी ओहोटी सरतानाच बदलली होती, ती फिरतील याची खात्री त्यांनाही नव्हती. भरती लागली. काटा थरथरला आणि भरभर चढला. “तुमची तक्रार करीन मी!” साहेब कडाडले. “खुशाल करा,” बाई म्हणाल्या, “टर्बाइन चालू आहे, एवढं मात्र त्यात लिहा.”