पॅड्सचा जोड

बार्शीहून आलेल्या पत्राला चिंतामणरावांनी उत्तर दिलंच नव्हतं. ‘मुलगा क्रिकेट टीमसाठी तुमच्या कॉलेजात यायचं म्हणतो. आपल्या माणसाचा सल्ला हवा,’ एका बापानं लिहिलं होतं. आपण साधे ग्रंथपाल, काय सांगणार, असं त्यांना वाटलं होतं. आज ऑकलंडमधल्या त्या छोट्या कॉलेजात नव्या मुलांचे क्रिकेटच्या वेशात फोटो निघत होते. पॅड्सचा जोड एकच. एकानं सोडलेला, घामानं ओला जोड चिंतामणराव दुसऱ्याच्या पायांना बांधत होते. “सर, मॅच कधी?” एकानं विचारलं. मार्केटिंगवाला रणजित हसला. “आधी फोटो गावी पाठव. अजून चार मित्र येऊ देत.” मुलगा गेल्यावर चिंतामणराव पुटपुटले, “पण ग्राउंड?” “ग्राउंड कशाला, काका? फोटोवरच ढीगभर अ‍ॅडमिशन्स येतात.” त्यांनी बार्शीचं पत्र बाहेर काढलं. ‘इथे टीमच नाही. पाठवू नका,’ त्यांनी लिहिलं आणि हात धुण्याआधी पाकीट टपालपेटीत टाकलं.